गाडीचे ऑइल व फिल्टर घरी बदलताना

या पानावर सूत, कापड, उधारी आणि हिशेब यांवर लिहिले जाते. आज आम्ही गाडीच्या इंजिन ऑइलवर लिहीत आहोत आणि ते विषयाबाहेरचे आहे असे आम्हाला वाटत नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे कितीतरी छोटे व्यापारी साड्यांचे व लुंग्यांचे गठ्ठे स्वतःच्या गाडीत घालून आठवडे बाजार गाठतात. कुणाकडे जुनी ओम्नी आहे (ती २०१९ साली बंद झाली, पण रस्त्यावर अजून दिसते), कुणाकडे ईको, तर कुणाकडे छोटा टेम्पो. दुकानातला माल विकला न गेला तर उद्या विकला जाईल. पण गाडीचे इंजिन बसले तर महिन्याची कमाई जाते आणि भांडवलालाही हात लागतो. इंजिन बसण्याची कारणे अनेक असतात, परंतु वेळेवर न बदललेले, कमी पडलेले किंवा नकली ऑइल हे त्यांतले टाळता येण्यासारखे कारण आहे.

हे वाचून गॅरेजवाले बंधू नाराज होतील की आमच्या पोटावर पाय देता काय? तसा हेतू नाही. चांगल्या उस्तादाची कमाई इंजिनाच्या कामातून, गिअरबॉक्समधून, आवाज ऐकून दोष ओळखण्याच्या त्याच्या कसबातून येते. एक बोल्ट सोडून पुन्हा बसवण्यातून ती येत नाही. उलट, ज्या गिऱ्हाइकाला काम कळते तो उस्तादाच्या मेहनतीची कदर करतो आणि मजुरीवरून घासाघीस कमी करतो. अर्थात सगळेच उस्ताद नसतात. एका गॅरेजमध्ये आमच्या बिलावर नव्या फिल्टरचे पैसे लागले होते आणि खाली वाकून पाहिले तर जुनाच फिल्टर पुसून चकचकीत केलेला होता. ज्याला स्वतः एकदा फिल्टर बदलता येतो त्याला असे फसवणे अवघड जाते, हाही या शिकण्याचा फायदा आहे.

एक अट मात्र आधीच सांगतो. गाडी नवी असेल, वॉरंटी चालू असेल, तर तिला घरी हात लावू नये. कंपनीच्या वर्कशॉपमध्येच सर्व्हिस करावी आणि बिले जपून ठेवावीत. पुढे वॉरंटीत काम मागायची वेळ आली तर ती बिलेच पुरावा असतात. वॉरंटी संपलेल्या गाडीसाठीच हा धडा आहे.

सुताचा काउंट आणि ऑइलचा ग्रेड

मागाला तेल घालणे आपल्या लोकांना ठाऊक आहे. कुपीतून चार थेंब सोडले, भाग घासायचा थांबला, तेल गळून गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा चार थेंब. इंजिनात तसे नसते. तिथे तेच ऑइल पंपाने वर ढकलले जाते, क्रँकच्या बेअरिंगांतून आणि वरच्या भागांतून फिरते, खाली चेंबरमध्ये येते आणि पुन्हा वर जाते. वाटेत ते घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि जळलेल्या इंधनाची काजळी व धातूचा बारीक कीस स्वतःत सामावून घेते. फिल्टर म्हणजे घड्या घातलेल्या कागदाची गाळणी, ती मोठे कण अडवते. पण बारीक काजळी, पेट्रोलचा अंश आणि ओलावा ऑइलमध्येच राहतो. म्हणून नुसता फिल्टर बदलून भागत नाही, आणि नवे ऑइल घालून जुना फिल्टर ठेवणे म्हणजे धुतलेला भात घाण चाळणीत ओतणे होय.

डब्यावर २० डब्ल्यू ४०, १० डब्ल्यू ३०, ५ डब्ल्यू ३० असे आकडे असतात. ते पाहून अनेक जण गोंधळतात. कापडवाल्यांना हे समजणे सोपे जावे, फक्त उलटे धरावे. सुतात २० चा काउंट म्हणजे जाड आणि ४० चा म्हणजे बारीक, कारण एका पौंडात ८४० वाराच्या किती लड्या बसतात त्यावरून तो आकडा ठरतो. ऑइलमध्ये आकडा वाढला की ऑइल दाट होते. डब्ल्यू हे इंग्रजीतील विंटर म्हणजे हिवाळ्याचे अक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा गाडी थंड असताना ऑइल किती सहज धावेल ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहील ते सांगतो. मोटारीच्या ऑइलची दाटपणावरून प्रतवारी अमेरिकेतील अभियंत्यांच्या संस्थेने १९११ सालीच सुरू केली. डब्यावर जी एसएई अशी अक्षरे दिसतात ती त्या संस्थेची.

आपल्याकडे एक समज आहे की दाट ऑइल म्हणजे ताकदीचे ऑइल. जुन्या, झिजलेल्या इंजिनांच्या काळात तो समज थोडाफार चालून गेला. नव्या इंजिनांतल्या फटी इतक्या बारीक असतात की त्यांना पातळ ऑइलच हवे असते. ८० काउंटच्या सुताला जाड सुताची फणी लावून चालत नाही, तसेच हे. म्हणून कोणता ग्रेड घ्यावा हे दुकानदाराला विचारू नये, शेजाऱ्याला विचारू नये, गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत पाहावे. किती लिटर लागेल तेही तिथेच लिहिलेले असते. छोट्या पेट्रोल गाड्यांना साधारण तीन ते साडेतीन लिटर लागते, पण हा अंदाज झाला, खरे माप पुस्तिकेचे.

आकड्यांशेजारी आणखी दोन अक्षरे असतात. पेट्रोल इंजिनासाठी एस ने सुरू होणारी आणि डिझेलसाठी सी ने सुरू होणारी. एसएन हा दर्जा २०१० सालचा, एसपी हा २०२० सालचा. पेट्रोल गाडीत पुढच्या अक्षराचे ऑइल मागच्या अक्षराच्या जागी चालते. डिझेलमध्ये सावध राहावे. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना काजळी पकडणारी जाळी असते, तिला कमी राखेचे ऑइल लागते आणि भलतेच ऑइल घातले तर ती हळूहळू चोंदत जाते. दुरुस्तीचा खर्च मोठा असतो.

खरेदी ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलाने करावी. सील पाहावे, तारीख पाहावी. स्वस्त मिळते म्हणून फुटपाथवरचा डबा घेणे म्हणजे छापाची साडी जरीची समजून घेणे. नकली माल भरणाऱ्याला मूळ कंपनीचा रिकामा डबा हवा असतो आणि तो आपणच भंगारवाल्याला देतो. रिकाम्या डब्याच्या बुडाला सुरीने भोक पाडूनच तो भंगारात द्यावा. पाच सेकंदांचे काम आहे, पण त्यामुळे आपल्याच एखाद्या भावाचे इंजिन वाचू शकते.

ऑइल केव्हा बदलायचे? बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असे काहीसे लिहिलेले आढळते. मात्र त्याखाली बारीक अक्षरांत खडतर वापराचा वेगळा हिशेब असतो आणि तो साधारण निम्म्यावर येतो. धूळ, पूर्ण भार, पहिल्या-दुसऱ्या गिअरची चाल, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या हे सारे खडतर वापरात मोडते. म्हणजे आपला रोजचाच वापर. एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. जी गाडी कमी चालते तिचे ऑइलही खराब होते. कारखान्यापासून दुकानापर्यंतच्या फेरीत इंजिन पुरते तापतच नाही, त्यामुळे आत जमलेला ओलावा व पेट्रोलचा अंश उडून जात नाही. म्हणून किलोमीटर भरले नाहीत तरी वर्ष भरले की ऑइल बदलावे.

हात घालण्यापूर्वी

सामान थोडेच लागते. ऑइल, फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर, बोल्टच्या मापाचा रिंग पाना, फिल्टर सोडवायचा पट्ट्याचा पाना, पसरट घमेले, नाळके, हातमोजे आणि कापड. फिक्स पाना वापरू नये, तो घसरतो आणि बोल्टचे कोपरे झिजवतो. कापडाबद्दल आपल्या धंद्याच्या दृष्टीने एक सूचना. गॅरेजमध्ये पुसायला कॉटन वेस्ट वापरतात, ती आपल्याच मागांवरून गेलेली असते. चाक-पाना पुसायला ती ठीक आहे, पण ऑइल भरायच्या तोंडाशी ती कधीही नेऊ नये. तिचे तंतू सुटतात आणि आत जातात. तिथे धुतलेल्या जुन्या मांजरपाटाचा तुकडा घ्यावा.

जागा सपाट व पक्की असावी. कापडाच्या गोदामात हे काम मुळीच करू नये. काळ्या ऑइलचा डाग थानावर पडला की तो थान गेला, आणि बंद गोदामात इंजिन चालू ठेवले तर धुराचा विषारी वायू कोंडतो. मुलांना दूर ठेवावे.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीसुद्धा, जाऊ नये. जॅक चाक बदलण्यासाठी असतो, माणसाला खाली झोपवण्यासाठी नसतो. तो कलंडतो, त्याचे सील फुटते, जमीन खचते. विटा व सिमेंटचे पोकळ ठोकळे त्याहून वाईट, कारण ते आधी काही न सांगता फुटतात. गाडी मुळातच उंच असेल आणि चेंबरपर्यंत हात पोचत असेल तर ती उचलूच नये. उचलावीच लागली तर दोन्ही बाजूंना लोखंडी घोडी लावावी, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके द्यावेत, हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि आत जाण्यापूर्वी बाहेरून जोराने हलवून पाहावी. घोडी नसेल तर काम करू नये. ज्याच्याकडे खड्डा आहे अशा गॅरेजमध्ये जावे आणि शेजारी उभे राहून करून घ्यावे. तेही शिकणेच आहे.

प्रत्यक्ष काम

इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करावे, दहा मिनिटे थांबावे. कोमट ऑइल चटकन वाहते व गाळ घेऊन खाली येते. एकदम गरम असेल तर हात भाजतो. वरचे भरायचे झाकण सैल करावे. ओम्नी व ईकोमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने सीट उचलावी लागते. मग घमेले ठेवून खालचा ड्रेन बोल्ट, त्याच्या डोक्याकडे तोंड करून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवून सोडवावा. पाठीवर झोपल्यावर डावे-उजवे उलटसुलट वाटते, म्हणून हे जपून करावे. शेवटचे दोन आटे बोटांनी सोडवावेत आणि बोल्ट झटकन बाजूला घ्यावा. पहिली धार घमेल्याच्या कडेकडे उडते.

ऑइल थेंबावर येईपर्यंत घाई करू नये. घाई करणाऱ्याचा पाव लिटर जुना माल आतच राहतो. बोल्ट पुसून, नवा वॉशर घालून तो आधी बोटांनीच बसवावा. बोटांनी दोन-तीन आटे सहज गेले तरच पाना लावावा. चेंबर पुष्कळदा ॲल्युमिनियमचे असते, आटे मारले गेले तर ऑइलच्या खर्चाच्या कित्येक पट भुर्दंड बसतो. घट्ट म्हणजे घट्ट, पान्यावर पाइप चढवून ताकद लावायची नाही.

आता फिल्टर. जुना सोडवला की त्याच्या तोंडाची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली आहे की नाही, हे बोट फिरवून पाहावे. कधी कधी ती इंजिनालाच चिकटून राहते. त्या जुन्या रिंगवर नवा फिल्टर बसला तर गाडी सुरू होताच दाबाने रिंग सरकते आणि सारे नवे ऑइल काही क्षणांत रस्त्यावर येते. घरी काम करणाऱ्यांकडून इंजिने खराब होण्याचे हे नेहमीचे कारण आहे, म्हणून जुनी रिंग हातात घेऊन दाखवल्याशिवाय शिकाऊ मुलाला पुढे जाऊ देऊ नये. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने ताजे ऑइल लावावे, फिल्टर हाताने फिरवत न्यावा आणि रिंग टेकली की तिथून साधारण पाऊण फेरा हातानेच आवळावा. पट्ट्याचा पाना सोडवण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नाही. फिल्टरवर तारीख व किलोमीटर लिहून ठेवावेत. नेलपेंटचे अक्षर टिकते.

पुस्तिकेतील मापापेक्षा थोडे कमी ऑइल आधी ओतावे. झाकण लावून इंजिन सुरू करावे. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास त्याच क्षणी इंजिन बंद करावे. दिवा विझला तर एक-दोन मिनिटे चालवून खाली गळती पाहावी, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक काढावी, पुसावी, पुन्हा घालून पाहावी. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ पातळी आणावी. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणे ही बरकत नव्हे. जादा ऑइल क्रँकच्या फटक्याने फेसाळते आणि फेस बेअरिंगला वाचवू शकत नाही. रात्री गाडीखाली एक कोरा पुठ्ठा टाकून ठेवावा व सकाळी पाहावा.

काळे ऑइल काय सांगते

निघालेले ऑइल फेकण्यापूर्वी वाचावे. नुसते काळे असणे हा दोष नाही, काजळी धरून ठेवणे हे चांगल्या ऑइलचे कामच आहे आणि डिझेल गाडीत तर ते थोड्याच दिवसांत काळे होते. पण ते चहासारखे दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. उन्हात धरल्यावर चमचम करणारे कण दिसले तर बेअरिंग झिजत आहे. पेट्रोलचा उग्र वास आला तर इंधन खाली उतरते आहे. यांपैकी काही दिसल्यास नवे ऑइल घालून गप्प बसू नये, उस्तादाला दाखवावे. त्याचे खरे काम इथे सुरू होते. निघालेले ऑइल मापून वहीत लिहावे. साडेतीन लिटर घातले होते आणि अडीचच निघाले, गळती नाही, तर इंजिन ऑइल पीत आहे. वहीत तारीख, किलोमीटर, ग्रेड, घातलेले, निघालेले व मध्ये टाकलेले ऑइल असे सहा रकाने पुरतात.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी आम्ही मुख्यतः लेखणी उचलली ती. आपल्या मोहल्ल्यातील गॅरेजांत बारा-चौदा वर्षांची मुले कोपरापर्यंत काळ्या ऑइलात हात घालून बसलेली दिसतात, ऑइलने भिजलेली चिंधी पँटच्या खिशात असते, आणि संध्याकाळी पेट्रोलने हात धुतात. याचा संबंध आपल्या कापडधंद्याच्या इतिहासाशी आहे. इंग्लंडच्या लँकेशायर भागात सूतगिरण्यांमध्ये म्यूल नावाच्या यंत्रावर सूत कातत. चात्यांना खनिज तेल लागे, ते उडून कामगारांच्या पँटवर मांडीच्या वर पडे, आणि कापड दिवसभर तेलाने ओले राही. वर्षानुवर्षे असे काम केलेल्यांना तिथल्या नाजूक त्वचेचा कर्करोग होऊ लागला. मँचेस्टरच्या साउदॅम व विल्सन या डॉक्टरांनी १९२२ साली हे रुग्ण एकत्र मांडून दाखवले. तरी चात्यांना शुद्ध केलेले पांढरे तेलच वापरण्याचा नियम व्हायला १९५३ साल उजाडले. तेवढ्या काळात किती घरे उघडी पडली असतील!

वापरलेल्या इंजिन ऑइलात जळलेल्या इंधनाचे अंश मिसळलेले असतात, आणि उंदरांच्या त्वचेवर ते लावून केलेल्या प्रयोगांत गाठी झाल्या आहेत. एकदा हात काळे झाल्याने कुणी आजारी पडत नाही, वर्षातून दोनदा ऑइल बदलणाऱ्याने घाबरू नये. प्रश्न रोज, वर्षानुवर्षे भिजणाऱ्याचा आहे. गॅरेज मालकांनी कामगारांना हातमोजे द्यावेत, चिंधी खिशात ठेवू देऊ नये, ऑइलने भिजलेले कपडे त्याच दिवशी बदलायला लावावेत. आणि चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवूच नये. २०१६ च्या दुरुस्तीपासून कायद्याने त्याला बंदी आहे, आणि त्या वयाची जागा मदरसा-शाळेत आहे. हात पेट्रोल-रॉकेलने धुऊ नयेत, त्याने त्वचेतला तेलकटपणा जातो, तिला भेगा पडतात आणि घाण आणखी आत शिरते. कामाआधी हाताला थोडे खोबरेल चोळावे, कामानंतर पुन्हा खोबरेल चोळून कापडाने पुसावे, मग साबण व नखांसाठी ब्रश. नखांच्या कडांत ग्रीसचा थर राहिला तर वुजूचे पाणी पोचत नाही, हे कारागिरांना आम्ही सांगायला नको.

काळे ऑइल गटारात ओतू नये. मालेगावचे गटार मोसमला आणि मोसम गिरणेला मिळते. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते दारे-खिडक्यांना फासण्याची चाल आहे, तीही सोडावी, कारण त्याच दारांना घरातली मुले हात लावतात. धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडणे, भट्टीत जाळणे, हेही नको. २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात धरले आहे आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया कारखान्याकडेच जावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल कंपन्यांवरही वापरलेल्या ऑइलचा ठरावीक हिस्सा पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी आली आहे. म्हणजे हा कचरा नसून माल आहे, शुद्ध करून त्याचे पुन्हा ऑइल होते. एका घरचे तीन लिटर घ्यायला कारखान्याची गाडी येणार नाही. म्हणून ते झाकणाच्या डब्यात, पाणी, रॉकेल किंवा ब्रेक ऑइल न मिसळता साठवावे, आणि ज्या मोठ्या गॅरेजमधून नोंदणीकृत कारखान्याला पिंपे जातात तिथे नेऊन द्यावे. देण्यापूर्वी तिथल्या मालकाला पिंप कोणाकडे जाते ते विचारावे व पावती पाहावी. जुना फिल्टर तोंड खाली करून रात्रभर घमेल्यात निथळू द्यावा, त्यातूनही बरेच ऑइल निघते. तेही त्याच डब्यात ओतावे.